लिंक मास्तर

आमच्या हायस्कुलातल्या इतिहासाच्या सरांना लिंक मास्तर हे नाव कोणी ठेवलं, याचा लेखी पुरावा उपलब्ध नाही. आमच्या गावात, बांद्यात, नाव ठेवायला पुरावा लागतही नाही. कट्टा कॉर्नरला सकाळच्या चहाबरोबर पडलेलं नाव दुपारपर्यंत शेर्ल्यात पोचतं आणि संध्याकाळच्या एसटीनं मडुऱ्याला वस्तीला जातं. खुद्द सरांना हे नाव ठाऊक आहे. मनातून आवडतंही असावं, कारण आजवर त्यांनी त्यावर एकही हरकत घेतलेली नाही आणि हरकत घेणं हा तर त्यांचा छंद आहे.

सकाळी बरोबर साडेसहाला त्यांची पहिली लिंक येते. शिक्षकांच्या ग्रुपवर बाकीचे लोक गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य पाठवत असतात, त्यात मधेच 'मोहेंजोदडोचं महास्नानगृह त्रिमितीत फिरून बघा' असं येतं. खाली ठरलेली ओळ : 'जरूर उघडा. महत्त्वाचं आहे.' आम्ही अंगठा दाखवतो. मी मराठी शिकवतो. महास्नानगृहात फिरून मला काय मिळणार? पण अंगठा दाखवला नाही तर मधल्या सुट्टीत मास्तर स्वतः येऊन फिरवतात, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

शाळेत येताना त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असते. तिच्यात काय असतं ते मी एकदा जवळून पाहिलं : पाच खाचांचं एक्स्टेन्शन बोर्ड, एचडीएमआयची केबल, व्हीजीएची केबल, एकीचं तोंड दुसरीला जुळवणारा कन्व्हर्टर, दोन पॉवर बँका, माउससाठी सेल आणि पावसाळ्यात या सगळ्याला गुंडाळायला खताची धुतलेली पिशवी. खडू नाही. प्रोजेक्टर थोडा उंच करायला त्याच्याखाली वर्गातल्या जुन्या भिंतीनकाशाची गुंडाळी असते. या नकाशावर आम्ही अजून रत्नागिरी जिल्ह्यातच आहोत, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला आणि नकाशा त्याआधीचा. तो आता कोणी उलगडत नाही, पण त्याच्याशिवाय प्रोजेक्टर फळ्याऐवजी जमिनीवर चित्र दाखवतो. एकूण इतिहासाच्या तासाला तो लागतोच.

2020 पर्यंत हा माणूस चारचौघांसारखा खडू-फळ्यावर शिकवत होता. मग शाळा बंद झाल्या. सरकारनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं जाहीर केलं, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं आणि आमच्या भागात मुलं रेंज शोधत डोंगरावर चढली. कणकवली तालुक्यातल्या एका मुलीनं तर डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याचं पेपरात आलं होतं. लिंक मास्तर तेव्हा घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर बसून अठराशे सत्तावन्न शिकवत. पलीकडे मुलांचे माइक चालू, त्यामुळे मंगल पांडेच्या गोळीबरोबर कोणाच्या तरी घरच्या कोंबड्यांचा कलकलाटही सगळ्या वर्गाला ऐकू जाई.

त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली. पुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत गेली, हे तेव्हा घरोघरी माहीत झालं. ही बातमी ऐकून महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांना त्या रात्री झोप लागली नसेल कोण जाणे. आमच्या मास्तरांना तरी लागली नाही. शाळा उघडली तशी ती क्यूआर कोडांनी भरून गेली. पाण्याच्या टाकीवर कोड, जिन्याच्या कठड्यावर कोड, भूगोलाच्या बाईंच्या खुर्चीच्या पाठीला कोड. पहिल्याच पावसात निम्मे सुटून खाली पडले. शिपायानं ते गोळा करून पुन्हा चिकटवले, पण जमेल तसे. त्यानंतर कित्येक दिवस 'पानिपतची कारणे' स्कॅन केलं की शालेय पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता उघडायचा. एक पालक फी भरायला आले होते. भिंतीवर कोड दिसला, त्यांनी फोन धरला. पैसे गेले नाहीत. भोसले घराण्याची वंशावळ आली. "बरां झालां," ते म्हणाले, "पैसे ऱ्हवले."

मग काहूत आलं. नॉर्वेतल्या लोकांनी 2013 मध्ये काढलेला हा प्रश्नमंजूषेचा खेळ. पडद्यावर प्रश्न, मुलांनी चार रंगांतला एक दाबायचा, जो लवकर बरोबर दाबेल त्याला गुण जास्त. मुलांचे फोन शाळेत चालत नाहीत, म्हणून संगणक खोलीत गटागटानं. प्रत्येक गटानं आपलं नाव घालायचं असतं, आणि तिथेच घोटाळा झाला. निकाल वाचताना मास्तर गंभीर आवाजात म्हणाले, "पहिल्या क्रमांकावर सुको बांगडो. दुसऱ्या क्रमांकावर अफझलखान. तिसऱ्यावर... हे ज्यांनी लिहिलंय त्यांनी मला मागाहून भेटा." प्रश्न होता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीचा : 25 नोव्हेंबर 1664. सुक्या बांगड्यानं पुस्तक उघडलेलंच नव्हतं. दर वेळी लाल रंग दाबायचा आणि देवावर हवाला, एवढंच त्याचं तंत्र. बांदेश्वर पावला. अशा खेळांनी इतिहास समजतो यावर माझा विश्वास नाही. पण त्या तासाला एकही मूल "सर, पाणी पिऊन येऊ?" असं विचारत नाही, हेही मला कबूल करायला हवं. माझ्या तासाला ज्ञानेश्वरांपासून आतापर्यंत सगळ्यांना तहान लागत आलेली आहे.

या सगळ्यावर कळस म्हणजे तीन बांद्यांचा तास. तो मी स्वतः पाहिला, कारण माझा वर्ग शेजारी होता आणि माझी मुलं त्या बाजूला कान देऊन बसल्यावर मीही दारात जाऊन उभा राहिलो.

सातवीचा वर्ग. पुस्तकाचा पहिला धडा 'इतिहासाची साधने'. मास्तरांनी ठरवलं होतं की गुगल अर्थवर आपलंच गाव दाखवायचं. पृथ्वीचा गोळा पडद्यावर फिरू लागला. मुलं हरखली. मास्तरांनी खोक्यात इंग्रजीत 'बांदा' टाइप केलं आणि गोळा वेगानं खाली आला. खाली आला तो नेमका उत्तर प्रदेशात.

"सर, आमची नदी खंय गेली?" डिंगण्याचा एक मुलगा म्हणाला.

नदी होती, पण ती केन. हे बुंदेलखंडातलं बांदा. दुसरा एखादा शिक्षक मागे आला असता. लिंक मास्तर तिथेच रमले. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतच्या लढाईत जखमी होऊन गेला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर बुंदेलखंडात उतरला आणि या बांद्याचा नवाब झाला. आणि त्याच घराण्यातला दुसरा अलीबहाद्दर 1857 ला इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. म्हणजे पेशव्यांचं एक रक्त तिकडच्या बांद्यात नवाबी करत होतं. मुलांनी सिनेमा पाहिलेला असल्यामुळे मस्तानीच्या नावाला वर्गात एक लाट उठली.

मग मास्तरांनी पुन्हा शोधलं. या वेळी गोळा भारत ओलांडून, समुद्र ओलांडून पार इंडोनेशियापर्यंत गेला. निळ्या पाण्यात हिरवे ठिपके. बांदा बेटं.

मी दारात होतो, त्यामुळे यानंतरचं सगळं नीट ऐकलं. एके काळी जगातलं सगळं जायफळ या चिमूटभर बेटांवर होत असे. डच ईस्ट इंडिया कंपनीनं 1621 मध्ये बेटं घेतली आणि तिथल्या मूळ लोकांची कत्तल केली. त्यांतलं रन नावाचं एक बेट, लांबी तीनेक किलोमीटर, त्यावर इंग्रज हक्क सांगत आणि डचांना ते सलत होतं. शेवटी 1667 मध्ये ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रनवरचा हक्क सोडला आणि डचांनी अमेरिकेतली आपली वसाहत, मॅनहॅटन बेटासकट, इंग्रजांकडे राहू दिली.

"मॅनहॅटन म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"न्यूयॉर्क!" स्पायडरमॅन पाहणारा मागचा बाक एका आवाजात ओरडला.

वर्ग क्षणभर हिशेबात गढून गेला. आमच्याकडे ज्यांच्या सुपारीच्या बागा आहेत त्यांच्या बागेत जायफळाची दोन-चार झाडं असतातच. वाफोलीची एक मुलगी उभी राहिली. "सर, आमच्याकडे पाच झाडां आसत."

"मग तुमका पाच न्यूयॉर्क," मागून कोणीतरी निकाल दिला.

तेवढ्यात शिपाई दारात आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. "सर, ह्या न्यूयॉर्क खंयच्या वाटेन इला? आणि इन्व्हर्टर दमलो हा, लवकर आटपा."

शेवटची काही मिनिटं मास्तरांनी अंधारात घेतली. 1667 म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम पुरं झालं तेच वर्ष. आणि ज्या डचांनी तिकडे जायफळासाठी माणसं मारली त्यांचीच वखार इकडे वेंगुर्ल्यात होती. तिचे पडके अवशेष आजही आहेत, शनिवारी जाऊन या. घंटा झाली. आपलं बांदा राहूनच गेलं.

मुख्याध्यापिका बाईंनी मागाहून विचारलं, "अहो सर, या तासाचं अध्ययन निष्पत्तीत काय लिहू?" मास्तर म्हणाले, "बांदा एक नाही." बाईंनी ते लिहिलं नाही. पण मला विचाराल तर नोकरीतला त्यांचा सगळ्यात चांगला तास तोच, आणि तो घडला तो गुगलनं चुकीच्या गावात उतरवल्यामुळे.

आता थोडं गंभीर. मास्तरांची चेष्टा मी रोज करतो, पण त्यांच्या एका गोष्टीपुढे माझी चेष्टा चालत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा बांद्याबद्दल काही जुनं वाचायचं तर कोणाला तरी गाठावं लागे, कपाटाची किल्ली कोणाकडे ते शोधावं लागे, आणि पुस्तक हातात येईपर्यंत सुट्टी संपे. 1880 साली निघालेला बॉम्बे गॅझेटिअरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. आदिलशाहीत आमच्या गावाचं नाव आदिलाबाद होतं, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानं इथल्या बंदराचा उल्लेख केला, तेरेखोल नदीतून माल वर येई, असल्या गोष्टी आठवीतल्या मुलाला आता फोनवर सापडतात. हेगच्या अभिलेखागारानं डच कंपनीची लाखो पानं स्कॅन करून लोकांसाठी खुली केली आहेत आणि त्यांत वेंगुर्ल्याच्या वखारीचे कागदही आहेत. मास्तरांनी ती लिंक पाठवली तेव्हा मी पहिल्यांदाच उघडली. सतराव्या शतकातलं डच हस्ताक्षर! मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, मास्तरांनाही कळलं नव्हतं. पण तासभर आम्ही दोघं एका शब्दावर 'हे वेंगुर्ला असणार' असं भांडत बसलो होतो. भाषांतराच्या ॲपला दाखवलं तर त्यानं 'बदके आणि साखर' असं उत्तर दिलं.

दुसऱ्याचं वाचून पोट भरेना म्हणून मास्तर स्वतः भर घालू लागले, आणि इथून त्यांच्या हालांना सुरुवात झाली.

गावात आदिलशाही काळातला रेडे घुमट आहे. मास्तरांना तो नकाशावर नीट दिसेना, म्हणून त्यांनी स्वतः खूण टाकली. टाकली मोटारसायकलवर बसून, एका हातात छत्री धरून. अंगठा सरकला. पुढच्याच सुट्टीत गोव्याला निघालेलं एक पुण्याचं जोडपं हमरस्ता सोडून फोनच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे करत एका गोठ्यात शिरलं. घरधनीण म्हशी धूत होती.

"इथे रेडे घुमट आहे ना?"

"म्हशी आसत," बाई म्हणाली. "रेडो गेल्या वर्साक इकलो. घुमट आमच्याकडे नाय."

तिनं त्यांना गूळपाणी दिलं, वाट दाखवली आणि संध्याकाळी मास्तरांच्या दारात उभी राहिली. "मास्तरांनू, आमचो गोठो तुमी इतिहासात घातलास. आता माका दर रविवारी शेण काढूक व्हया." तोवर त्या गोठ्याला साडेचार तारे मिळाले होते आणि एकानं 'शांत परिसर, पार्किंग आहे' असा अभिप्राय लिहिला होता. मास्तरांनी खूण हलवली, पण तारे घुमटाबरोबर गेले.

विकिपीडियावरचं दुःख याहून मोठं. तिथे त्यांनी गावाविषयी चार परिच्छेद घातले, मन लावून. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी संपादकानं जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे शेपूट लावलं : संदर्भ हवा. 'पावसाळ्यात नदीचे पाणी बाजारपेठेत शिरते.' संदर्भ हवा. मास्तर स्टाफरूममध्ये फोन घेऊन फिरत होते. "अहो, 2019 ला माझ्या मांडीपर्यंत पाणी होतं! माझी मांडी हा संदर्भ नाही?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "प्रकाशित नाही." हा टोला त्यांना आठवडाभर पुरला. पण त्यानंतर ते बदलले. मुलांनी काहीही सांगितलं की "कशावरून?" असं विचारू लागले. कोणी म्हणालं आमच्या घराखाली भुयार आहे, ते थेट सावंतवाडीच्या राजवाड्यात निघतं, की मास्तर विचारत, "कोण शिरलं होतं? परत आलं?" मुलखातली निम्मी भुयारं त्यांनी एका सत्रात बुजवली.

मौखिक साधनांसाठी मात्र त्यांनी गुगल फॉर्म काढला. विषय भारी होता. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही बांद्याकडून पत्रादेवीच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडला, मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे, तिथे आमच्या सहली जातात. तो दिवस पाहिलेली माणसं घरोघरी होती, आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मास्तरांनी मुलांना सांगितलं : आजी-आजोबांना विचारा आणि फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये पहिल्याच प्रश्नाला लाल फुली होती : ई-मेल पत्ता, आवश्यक. एका मुलीची पणजी नव्वदीला टेकलेली. म्हणाली, "माका ईमेल नाय. माका एक झिल आसा, तो म्हापशाक ऱ्हवता. तेका इचार." मग तिनं पुष्कळ सांगितलं. लोक रांगेनं कसे आले, कोणाला त्यांची भाषा कळत नव्हती, "आमच्या आवशीन त्या दिवशी पेजेचो टोप चुलयेवरना खाली काढूकच नाय", आणि दुपारी पत्रादेवीकडून आवाज आले तेव्हा घरातल्या बायका एकमेकींकडे न बघता भांडी घासत राहिल्या. मुलीनं हे सगळं संगणक खोलीत मास्तरांच्याच गुगल खात्यातून टाइप केलं आणि ई-मेलच्या जागी त्यांचाच पत्ता घातला. बाकीच्या मुलांनीही तेच केलं. आणि मास्तरांनी सेटिंगमध्ये 'एका व्यक्तीस एकच प्रतिसाद' हे चालू ठेवलं होतं.

सोमवारी फॉर्म उघडला तर प्रतिसाद : 1. खाली गुगलनं आपणहून काढलेला गोल आलेख, अख्खा निळा. सत्याग्रहींना काय खायला दिलं? पेज, 100 टक्के.

मास्तरांनी पुढे मुलांकडून वह्यांवर लिहून घेतलं, वह्या ॲपनं स्कॅन केल्या, त्यांची एक पीडीएफ केली. ती इतकी जड झाली की ग्रुपवर टाकल्यावर तिघांचे फोन अडकले. पण फाइल आहे. वह्याही आहेत, त्या प्रोजेक्टरखाली नकाशाच्या गुंडाळीशेजारी ठेवल्या आहेत, आणि त्यामुळे चित्र आता आणखी वर जातं.

अलीकडे त्यांना बोलणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मिळाली आहे. पहिल्या दिवशी ते तिच्याशी 'आपण' म्हणून बोलत होते. मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना भोवती उभं करून त्यांनी मराठीत विचारलं, "सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा या गावाचा इतिहास सांगावा." क्षणात उत्तर झरझर आलं, शुद्ध मराठीत, उपशीर्षकांसह. तेरेखोल नदीच्या काठावरील हे ऐतिहासिक बंदर जायफळाच्या व्यापारासाठी जगप्रसिद्ध होते. येथे बाजीराव पेशव्यांच्या वंशजांनी नवाबी स्थापन केली. सतराव्या शतकात या गावाच्या मोबदल्यात डचांनी न्यूयॉर्क इंग्रजांना दिले.

शिपाई म्हणाला, "म्हणजे सातबारो आमच्या नावार येऊक व्हयो."

मास्तर लाल झाले. ज्या माणसानं मांडीभर पाण्याचा संदर्भ देण्यात एक पावसाळा घालवला, तो आता सोडणार होता थोडाच? दात-ओठ खात त्यांनी टाइप केलं : संदर्भ हवा.

यंत्रानं दिलगिरी व्यक्त केली आणि खाली निळ्या अक्षरांत एक लिंक दिली. मास्तरांनी ती दाबली. गोल फिरत राहिलं, रेंज गेली, आली, पान उघडलं. वर शाळेचा फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'तीन बांदे : इयत्ता सातवीची टिपणे', आणि त्याखाली संकलक म्हणून स्वतः मास्तरांचं नाव. त्या गाजलेल्या तासानंतर मुलांनी लिहिलेली टिपणं त्यांनीच हौसेनं नेटवर चढवली होती, तिन्ही गावं एकाखाली एक, मधे रेघ न मारता.

कोणी हसलं नाही. भूगोलाच्या बाईंना खोकला आला तेवढाच. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पान वरून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रकाशित आहे."

मग त्यांनी ती लिंक ग्रुपवर टाकली.